पळसाची हललेली फांदी

होळी जवळ आली की पंचवटीच्या बाजारात पळसाची फुलं येतात, आणि मला माझी धाकटी बहीण आठवते. आम्ही लहान असताना मामांनी दादाला डबा कॅमेरा दिला होता. झाडं, पाखरं, दिसेल त्याचे फोटो तो काढायचा, घरातल्या माणसांचे मात्र नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं आई मानायची. घरातल्या कुणाचा काढायचा नाही, अशी शपथच घातली होती तिने त्याला. एका सकाळी आम्ही तिघं गंगापूरच्या बाजूच्या रानात गेलो. पायाखाली वाळक्या पानांचा चुरा, आणि पुढे पळस असा फुललेला की काय सांगू. धाकटी धावत जाऊन त्याच्या फांदीला लोंबकळली. "दादा, माझा काढ ना." "सरक बाई, मला झाडाचा काढायचाय." "मी काय झाडापेक्षा वाईट दिसते?" दादा हसला, पण शपथ मोडेना. ती फुरंगटून फांदी सोडून बाजूला झाली, आणि त्याने खटका दाबला. त्याच पावसाळ्यात ती विषमज्वराने गेली. मग एकदा आईने सगळे फोटो पुढ्यात घेतले. "एकातही नाही का रे ती?" दादाने पळसाचा फोटो पुढे केला. सगळं झाड स्पष्ट, एक फांदी तेवढी पुसट. "ही तिने सोडलेली, आई. हलत होती अजून." आईने त्या पुसट जागेवर बोट ठेवलं, ते कितीतरी वेळ उचललंच नाही. आता तो फोटो माझ्याकडे असतो. नातवंडं म्हणतात, आजी, हा हललाय गं. मी म्हणते, हो रे, आत्ताच सोडलीय तिने फांदी.