फुली पुसली ती मी

मागच्या रविवारी सकाळी ग्वाल्हेरात थाटीपूरच्या घरून गाडी काढली आणि थेट मोरेकाकांच्या वर्कशॉपला नेली. त्या दिवशीचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे... आज त्या फोटोबद्दलच लिहायचंय.

माझी लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार तुम्हाला माहीतच आहे. आयुष्यात एकदा तरी वेगवान गाडी चालवायचीच, या हौसेपायी दिल्लीहून जुनी घेतलेली. तिची उंची आणि ग्वाल्हेरचे स्पीडब्रेकर यांचं काही जमलं नाही, आणि शेवटी पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग गेली. साठच्या पुढे गेलं की नुसती घरघर... पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं.

मोरेकाका आता सत्तरीचे. बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरातलं प्रत्येक वाहन त्यांच्या हाताखालून गेलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वर्षभर त्यांनी कामाला हात लावला नव्हता, वर्कशॉप त्यांची मुलगी वंदना बघते. माझी गाडी मात्र "हिला मीच करीन" म्हणून त्यांनी मागून घेतली.

काकांची एक शिस्त आहे. जमिनीवर जुनी चादर पसरायची आणि प्रत्येक पार्ट ज्या क्रमाने, ज्या तोंडाने बसणार, तसाच तिच्यावर मांडायचा. त्या चादरीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ आहे.

नवीन बेअरिंग दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत होती. काकांनी टाचणी घेतली, एका बाजूला टेकवली, ती चिकटली. "बघ बेटा, इकडे चुंबक आहे. आत सेन्सर बसलाय ना, तो ह्यालाच वाचून राहिला आहे. उलटं बसलं तर ब्रेकची लाइट लागून जाईल." मग त्या बाजूवर खडूने फुली मारली आणि दोन्ही बेअरिंग चादरीवर ठेवली, फुली वर.

उजवं चाक झालं. मग चहा झाला, काका जरा आडवे झाले, मी इकडेतिकडे फोटो काढत बसले. दुपारी डावं बसवलं आणि आम्ही दोघं ट्रायलला निघालो. घरघर गायब! मी खुशीत... आणि चौक यायच्या आतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

काका त्या दिव्याकडे बघत राहिले. "डावं उलटं बसून गेलं माझ्याकडून," एवढंच म्हणाले. प्रेसने दाबून बसवलेलं बेअरिंग काढलं की कामातून जातं, त्यामुळे नवीन मागवणं आलं.

आणि मी काय केलं? संध्याकाळी फोटो टाकला. चादरीवरचं चकचकीत बेअरिंग, आणि वर माझा आगाऊपणा... 'उस्तादांनी एक चाक उलटं केलं, वय झालं आता!' तुम्ही हसलात. कोणी लिहिलं, काकांना आराम द्या. मीही खाली हसण्याच्या इमोजी टाकत बसले.

गुरुवारी वंदनाचा फोन आला. "ताई, बाबा तीन दिवस झाले वर्कशॉपमध्ये आलेच नाही. म्हणतात, प्रेस विकून टाक, माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला. तुमची पोस्ट कोणीतरी दाखवली त्यांना."

मला इतकी लाज वाटली... पोस्ट काढून टाकावी म्हणून उघडली आणि फोटो नीट पाहिला. बेअरिंगवर फुली नव्हती. मोबाइलमध्ये त्याच्या आधीचा फोटो काढून बघितला, एखाद्या मिनिटापूर्वीचा. त्यात फुली अगदी स्पष्ट होती.

मग सगळं आठवलं. फोटो छान यावा म्हणून मी ते बेअरिंग उचललं होतं. ओढणीने पुसलं, फुलीसकट, आणि जी बाजू जास्त चमकत होती ती वर करून ठेवून दिलं. खूण दिसली नाही तरी काकांनी ते तसंच उचललं, कारण त्यांच्या चादरीवर वस्तू उलटी असूच शकत नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. काका खाटेवर बसले होते. सगळं सांगून टाकलं, दोन्ही फोटो पुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला, परत पहिला बघितला. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती.

त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "म्हणजे मी बरोबरच ठेवलं होतं?"

"हो काका."

"मग ठीक आहेत माझे हात..." त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

आणि त्यानंतर जे झापलंय मला! "चादरीला हात लावलास तू? तुझ्या बाबांना सुद्धा लावू दिला नाही मी कधी!" वंदना दारात उभी राहून हसत होती. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाची बोलणी खाल्ली नव्हती.

काल काकांनीच नवीन बेअरिंग बसवलं. मी चार हात लांब, हात मागे बांधून उभी. घरघर नाही, दिवा नाही.

ती जुनी पोस्ट मी काढलेली नाही. खाली दोन्ही फोटो टाकतेय, फुलीचा आणि बिनफुलीचा. जे जे तेव्हा हसलात, त्यांनी एकदा नीट बघून घ्या... काकांचं वय झालं असेल, पण चूक माझ्या हातून झाली होती.

वंदनाचा आत्ताच मेसेज आला. बाबा आज सकाळीच वर्कशॉपला गेलेत आणि चादर पसरून बसलेत.