खाकीचे गठ्ठे

तुम्ही ज्यांना मदत केलीत, त्यांना काय हवं आहे हे आधी विचारलं होतं का? मी विचारलं नव्हतं. त्यामुळे तापाने फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला ऐन थंडीची एक रात्र पोत्यांखाली काढावी लागली.

एकाहत्तरचं, बांगलादेशच्या युद्धाचं वर्ष होतं. जबलपूरचे दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालत होते आणि बाबांना रोज ओव्हरटाइम होता. मी एकोणीस वर्षांची. बाबा युनियनची पत्रकं घरी आणत, त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळे नेमकं पत्रक लिहिलं की कुठलाही प्रश्न सुटतो, असं मला मनापासून वाटायचं.

सीमेपलीकडून जीव वाचवून आलेली काही कुटुंबं पुढच्या मोठ्या छावणीत जाईपर्यंत शहराबाहेरच्या एका गोदामात उतरवली होती. कळलं त्याच दिवशी मी लिहिलं: 'घरात जे जास्तीचं असेल ते द्या.'

कारखान्याच्या क्वार्टरांत जास्तीचं काय असणार? खाकी. दरवर्षी नवे जोड मिळत आणि जुने लवकर फाटत नसत. त्यांच्या पिशव्या शिवल्या, पोछे केले, तरी उरत. गल्लीतल्या बायकांनी ते सदरे आणि पँट धुतले, तुटलेली बटणं लावली, कडक इस्त्री केली. टाकाऊ दिलं असं कोणी म्हणू नये. बाबा आणि त्यांचे तिघे सोबती पाळी सुटल्यावर तसेच, अंगावरच्या खाकीत, हातगाडी ढकलत निघाले. पुढे मी, पत्रकं घेऊन.

गोदामासमोर रांग होती. आम्ही दिसताच ती मोडली. आरडाओरडा झाला नाही. बायकांनी मुलांना आत ओढलं, एवढंच. एकटी एक बाई दाराशी राहिली, कारण तिचे वडील तापात कुडकुडत तिथेच पडले होते आणि तिला ते उचलवत नव्हते. मी एक सदरा उलगडून त्यांच्या अंगावर घातला. तिने तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. मी पुन्हा घातला, तिने पुन्हा काढला. खोटं कशाला बोलू, मला राग आला. एवढ्या थंडीत कसले नखरे, असं मनात आलं.

तिथे दुभाष्याचं काम रेल्वेतले एक बंगाली बाबू करत. ते हळूच म्हणाले, "बेटी, इनका गाँव जलाने जो आए थे, वो यही रंग पहने थे."

बाबांनी ते ऐकलं. अंगावरचा सदरा काढला, गाडीतल्या गठ्ठ्याखाली सरकवला आणि त्या गारठ्यात बनियनवर उभे राहिले. भरलेली गाडी आम्ही तशीच घरी ढकलत आणली; म्हातारा त्या रात्री गोदामातल्या पोत्यांखालीच झोपला.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"काहून नाही विचारलं त्यांना आधी?"

"वेळ कुठे होता, आई?"

"अच्छा. अन् भरली गाडी परत आणायला वेळ भेटला."

सकाळी ती स्वतःची गोधडी घेऊन निघाली. वाटेत तिने बेत सांगितला: इतरांसाठीही गोधड्या शिवू, खाकी आतल्या थरात घालू, वरून साड्या. रंग दिसणारच नाही. मला ते पटलं.

त्या बाईने गोधडी हातात घेतली, उलटीपालटी केली, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग बाबूंमार्फत एकच प्रश्न विचारला: आत काय आहे?

आईने गोधडीवर हात ठेवला. "जुन्या साड्या," ती म्हणाली, "फक्त साड्या."

तेव्हा कुठे बाईने ती वडिलांच्या अंगावर घातली. आईने आपला बेत तिथेच गिळला. तिने विचारलं, बाकीच्यांसाठी काय आणू? उत्तर तयार होतं: मऊ जुन्या साड्या, सुया, दोरा. शिवणारे हात आहेत, आम्हीही असंच शिवतो, त्याला कांथा म्हणतो. संध्याकाळपर्यंत साड्या जमल्या. आठवड्याने ती माणसं पुढे गेली, तेव्हा म्हातारा आईची गोधडी पांघरून स्वतःच्या पायांनी ट्रकपर्यंत चालला. पुढचं मला माहीत नाही.

खाकीचे गठ्ठे उन्हाळा लागेपर्यंत आमच्या अंगणात पडून राहिले. शहराच्या कडेला, रिछाईकडे, कारखान्याच्या नव्या शेडसाठी खडी फोडणाऱ्या बायका मला रोज कॉलेजच्या वाटेवर दिसत. त्यांच्यावर मी एक ओळही लिहिली नव्हती. या वेळी रिकाम्या हाताने गेले. त्या म्हणाल्या, पँट नकोत. सदरे चालतील, बाह्या लांब असतील तर. कपच्या उडून हात सोलतात. मग एकीने विचारलं, पाण्याचा ड्रम उन्हात तापतो, तो सावलीत ठेवायला ठेकेदाराला सांगशील का? ही गोष्ट कुणाच्याच घरात जास्तीची पडलेली नव्हती. त्यावर मी पत्रक लिहिलं, पण आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं खोडायला लावली.

तुम्हीही कधी गाठोडं बांधायला घ्याल, दूरदेशच्या माणसांसाठी किंवा मागच्या गल्लीसाठी. गाठ मारण्याआधी एकदा रिकाम्या हाताने तिथे जा. शेजारी बसा, विचारा. आणि ती माणसं 'नको' म्हणाली, तर ते ऐका.