निम्मं पाणी

वाजिदभाईंच्या जीपच्या रेडिएटरात मी कूलंटचे दोन्ही डबे ओतले, पाण्याचा थेंब न घालता. "निम्मं कूलंट, निम्मं पाणी," असं त्यांनी मला बजावलं होतं. पण दुधात पाणी म्हणजे भेसळ, हे अहेरीत शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मी तर बारावी सायन्स. शेजारधर्म म्हणून अस्सल माल भरला. पाण्याचा कॅनही त्यांच्या ओट्यावरच सोडला. आता त्याचं काय काम?

वीस वर्षं वाजिदभाई अहेरी–गडचिरोली जीप चालवत होते. इंजिनाला बोरिंगचं पाणी त्यांनी कधी पाजलं नाही. प्राणहितेचं आणायचं, खुर्शीदाचाचीच्या जुन्या ओढणीतून गाळायचं. "बोरिंगच्या पाण्यानं चाच्या भांड्याले थर बसते, इंजिनाले काऊन नाई बसणार?" चाची म्हणायची, "मेरे को कभी छान के नहीं पिलाया."

त्या दिवशी जीपमध्ये माझ्यासोबत त्यांची मुलगी रुबीना होती. गडचिरोलीत अकरा वाजता डीएडच्या प्रवेशाची नावं पुकारणार होते. हजर नसला की जागा पुढच्याची. निम्मा जून सरला तरी पाऊस नव्हता. आलापल्ली सोडली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लालात गेला.

वाजिदभाईंनी जीप सागाखाली घेतली, बॉनेट उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाणी किती टाकलं?"

"टाकलंच नाई."

"अरे, कूलंट पाण्याले लवकर उकळू देत नाई, गंज चढू देत नाई. पण गरमी उचलून नेते ते पाणी! तू उचलणाऱ्यालेच घरी ठेवलं."

झाकण तापलेलं, उघडलं तर तोंड भाजणार. थांबण्याशिवाय इलाज नव्हता. एसटी आली. रुबीना हात हलवत रस्त्यात धावली. दारापर्यंत माणसं लटकलेली; कंडक्टरनं आतूनच हात हलवला.

"दादा," ती परत येऊन म्हणाली, "अजून थोडं सायन्स सांग ना."

मी जवळच्या गावात पळालो. हातपंप नुसता हवा ओकत होता. पंपाशेजारच्या धुरपताबाईच्या दारात पाण्यानं भरलेली एक गुंडी, छोटी घागर, होती.

"दोन घंटे दांडा मारला तवा इतकं भेटलं," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून, "ने बापा. वापस जातानी भरून देजो."

इंजिन निवल्यावर वाजिदभाईंनी निम्मं कूलंट काढलं आणि ओढणी नव्हती म्हणून रुमालातून पाणी गाळून भरलं. काटा मधोमध आला, तिथून हलला नाही. गडचिरोलीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. बाबूनं यादीवर बोट ठेवलं. रुबीनाच्या नावापुढे रेघ होती. वाजिदभाईंनी हात जोडले, जीप तापल्याचं सांगितलं. बाबू म्हणाला, "मी काय करू?" खरंच, त्यानं तरी काय करावं?

मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना वाजिदभाईंनी गडचिरोलीतच पाण्याचा एक कॅन भरून घेतला, तो माझ्या मांडीवर. रिकामी गुंडी पायाशी खडखडत होती. धुरपताबाईच्या गावाचं वळण दिसलं. थांबा, गुंडी भरून द्यायची आहे म्हणावं, असं ओठांवर आलं. रुबीना खिडकीला डोकं टेकून बसली होती, वाजिदभाई समोर बघत होते.

वळण मागे गेलं. काटा मधोमध होता.