वसंताचा लाल मफलर

वसंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच्यासाठीच पेज उतरवत होते. पंचवटीतून त्याच्या कारखान्यातला माणूस सायकलवर आला आणि दारातूनच "अक्का, तुम्ही चला" एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसले, पेज तरी घेऊ दे की... आणि खरंच भांडं फडक्यात बांधून घेऊन गेले. न्यूमोनिया असला तरी आदल्या संध्याकाळी ताप उतरला होता, हेच वाटभर बडबडत होते म्हणे.

वसंता माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. वाढवलं म्हणजे डोक्यावर बसवलं, असं आमच्या घरी म्हणतात ते खोटं नाही. त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे तो लहान असतानाच माझ्या लक्षात आलं. पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवला, तर ओंजळभर हिरव्या घेऊन आला. आळीतली पोरं हसली, तो रडला, आणि मी ठरवून टाकलं, पुन्हा कुणाला हसू द्यायचं नाही. तेव्हापासून हा सदरा घाल, ती पेन्सिल घे, तो पेरू नको, असं मीच सांगत गेले. इतकं बेमालूम, की वडिलांनाच काय, त्यालाही कधी पत्ता लागला नाही.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून स्वारी मुंबईला विमान शिकायला गेली. हौशी वैमानिकाच्या परवान्यासाठी साध्या डॉक्टरचा दाखला चालायचा. त्यांनी छाती ठोकून पाहिली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, झालं. मी कौतुकानं लाल मफलर विणून दिला. उडताना तो गळ्यात असायचाच. मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण आकाशात कुठे मिरच्या तोडायच्या आहेत, अशी मी माझी समजूत घातली.

त्याला टपालाची विमानं चालवायची होती. पगारी वैमानिकाची तपासणी मात्र कडक. वयाच्या अटीत तो बसत होता. कान, काळीज, नजर, सगळं ठणठणीत निघालं. शेवटी डॉक्टरांनी टेबलावर लोकरीच्या रंगीत लडी टाकल्या आणि हिरव्या वेगळ्या काढायला सांगितल्या. विमानतळावर उतरू की नको ते लाल-हिरव्या दिव्यांनी कळवतात, म्हणून ही परीक्षा. वसंताने हिरव्यांत लाल लडी घातल्या आणि सगळं तिथेच संपलं.

घरी येऊन त्याने विचारलं, "अक्का, तुला ठाऊक होतं?"

"हो."

तो म्हणाला, "आधी कळलं असतं तर मी हे स्वप्नच पाहिलं नसतं गं." चिडला असता तर मला सोसलं असतं. "यापुढे मला रंग सांगू नकोस. चुकलो तर चुकू दे."

त्याने मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला, लग्न केलं. एका पायात हिरवा, एका पायात तपकिरी मोजा घालून माझ्याकडे जेवायला यायचा. मी जीभ चावून वाढत राहायची.

तो गेला त्याच्या आदल्या दुपारी मी त्याच्या घरी उशाशी होते, तेव्हा त्याला हुडहुडी भरली. "अक्का, माझा लाल मफलर दे," म्हणाला. त्यावर सकाळीच औषध सांडलं होतं. धुऊन दोरीवर टाकलेला, ओलाच होता. खुंटीवर हिरवा होता. ओला आहे रे, एवढं सांगायला माझं काय जात होतं? पण आजारी माणूस, हिरमुसेल... मी हिरवा त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. त्याने तो बोटांनी चाचपला.

"लालच ना?"

"लालच," मी म्हणाले. तो निवांत झाला.

परवा त्याच्या बायकोनं, सुशीलानं, लाल मफलर घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी तुम्ही घरी गेल्यावर मला म्हणाले, बघ, अक्कानं माझा उडायचा मफलर घातलाय. मग मीही काही बोलले नाही."

मफलर केव्हाच वाळलाय. तो मी मांडीवर घेऊन बसते.