तिकोनी उशी

भुवयांत कायम कापूस अडकलेला, म्हणून गल्लीतली पोरं त्यांना कापूसकाका म्हणायची. त्यांच्या उशांच्या कारखान्यात मात्र ते 'मालक'. माणूस दिलदार, कोणाच्याही अडीनडीला धावून जाणारा. पण कामात दुसऱ्याने डोकं चालवलेलं त्यांना अजिबात खपत नसे. एकदा एका शिंप्याने न विचारता उशीला खिसा लावला. काकांनी ती उशी दारावर टांगली आणि म्हणाले, "बघून ठेवा, अतिशहाण्याचं काम!" पुढे ते स्वतः विसरूनही गेले. उशी तिथेच लटकत राहिली, आणि रोज तिच्याखालून आत जाणारी माणसं काही विसरली नाहीत.

मग एक दिवस सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, हॉटेलवाल्या बाई, म्हणाल्या, "तीच ती उशी किती वर्षं घ्यायची? महिन्याभरात काही नवं दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो." काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. निम्मा कारखाना या बाईंच्या जिवावर चालायचा!

त्यांनी सगळ्यांना जमवलं. "बोला, नवं काय करायचं?"

सगळ्यांच्या नजरा दारावरच्या उशीकडे. काका वैतागले आणि त्या भरात बोलून गेले, "मग काय, तिकोनी उशी करू या!"

"वा, मालक!" "झकास!" "दुसऱ्या कोणाला सुचलंच नसतं!"

अहो, थट्टा होती ती! पण संध्याकाळी घरी निघताना काकांच्या हातात शिवून तयार तिकोनी उशी. काकाही हट्टी, झोपले तिच्यावर. सकाळी मान अशी आखडली की चहासुद्धा तिरका प्यावा लागला.

"एकाच्याही डोक्यात काही नाही गं," ते कण्हले.

बायको मान शेकत होती. "डोक्यात ढीगभर असेल, पण बोलणार कोण? दारावर फाशी दिलेली ती उशी बघते ना मी, डबा द्यायला येते तेव्हा. मलासुद्धा धडकी भरते."

काकांना वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की चहा अर्धाच राहिला.

कारखान्यात गेल्या गेल्या त्यांनी स्टुलावर चढून दारावरची उशी काढली. मग तिकोनी उशी सगळ्यांसमोर धरली. "ही माझी करामत. आणि ही माझी मान. एवढं भिकार काम तुमच्यापैकी कोणी आजवर केलंय का?"

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. त्या हशात शिलाईवाल्या मावशी बोलून गेल्या, "मालक, कोणाला उंच उशी लागते, कोणाला सपाट. आत तीन पातळ थर घातले तर? ज्याला नको तो काढून ठेवेल."

'नाही' अगदी काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "करून बघा. बिघडलं तर कापड माझं गेलं."

आणि बिघडलंच! पहिल्या उशीतले थर एका कोपऱ्यात गोळा झाले, दुसरी उसवली. वाया जाणारं कापड बघून काकांचा जीव तीळतीळ तुटत होता, पण तोंडाने ते एवढंच म्हणायचे, "पुढची कशी करू या?" हळूहळू कापूस भरणाऱ्याला काही सुचलं, कापड बेतणाऱ्याला काही सुचलं. जेवणाच्या सुट्टीत उशीवरून वाद रंगायला लागले. काका डबा घेऊन मुद्दाम तिथेच बसायचे.

ठरल्या दिवशी हॉटेलवाल्या बाई आल्या. काकांनी ऐटीत नवी उशी पुढे केली.

"मालक, ही दाखवू नका," मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आत्ताच एक धुऊन बघितली. आतला थर आकसतोय."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. गिऱ्हाईक दारात आणि आपलंच माणूस आपल्याला तोंडघशी पाडतंय! कोणाचंही मशीन चालेना.

काकांनी उशी मागे घेतली. "बाई, आमच्या मावशी म्हणतात तयार नाही, म्हणजे नाही. तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. तुम्ही गेलात तर माझा निम्मा कारखाना बसेल, खोटं कशाला बोलू?"

हॉटेलवाल्या बाई मावशींकडे वळल्या. "किती दिवस लागतील?"

मावशींनी सवयीने मालकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काका म्हणाले. "तुम्हाला विचारलंय त्यांनी."