शनिवारी उपाशी ठेवायचा कुत्रा

देऊळगाव राजात आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी बेघर माणसांच्या जनावरांवर मोफत उपचार करतो. डॉक्टर जालन्याहून येतात. बाकीचं माझ्याकडे: टेबल, गरम पाणी, कापूस, लसींसाठी बर्फाचा डबा. नवरा गेल्यापासून घरी मी एकटीच. उद्याची कामं आदल्या संध्याकाळी लिहून ठेवते, नाहीतर सकाळी चहाचा कप हातात तसाच राहतो.

त्या रविवारी पहिला नंबर एका काळ्या कुत्र्याचा होता. त्याचा म्हातारा मालक मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर राहायचा. कुत्र्याच्या मांडीवर लिंबाएवढी गाठ होती, फुटून वाहणारी. काढली नाही तर कुत्रा जगणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच्या खेपेला सांगितलं होतं. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. शनिवारी दुपारनंतर काही देऊ नका, असं मी म्हाताऱ्याला बजावलं होतं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "मॅडम, हा तर लग्न जेवून आलाय."

"बाबा, काय खाऊ घातलंत?"

"म्या नाही, बाई. गाव खाऊ घालते. काल शनवार व्हता ना! काळं कुत्रं हाय, अन् ज्याले पाहावं त्याले साडेसाती. तेल लावलेली पोळी घेऊन लायनीत उभे राह्यतात."

"मग नाही म्हणायचं."

"कोणाले म्हनू? त्या पोळीसंगं मलेबी भेटते."

सगळं लिहून काढलं होतं मी, फक्त कुत्र्याचा रंग आणि वार सोडून. नवऱ्याच्या आजारपणात मीसुद्धा दर शनिवारी तशी पोळी घेऊन गेले होते. कदाचित याच कुत्र्याला घातली असेल.

डॉक्टर पुढच्या रविवारी मुद्दाम येतो म्हणाले. मी म्हाताऱ्याला सांगितलं, "शनिवारी दोघंही माझ्याकडे राहायला या. जागा आहे."

"म्या नाही येत. देवळाचा ओटा अन् एसटीतली सीट, उठलं की गेली. त्याले आनून देतो."

शनिवारी दुपारी त्यानं कुत्र्याला माझ्या व्हरांड्यातल्या खांबाला बांधलं. "बस गड्या, इथं." फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"बाई, वापस देसान ना?"

"देणार म्हणजे काय! तुमचाच आहे तो."

"तुमी देसान हो. पन एवढं घर पाहून तोच नाही म्हनला तं?"

म्हाताऱ्याला त्या कुत्र्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळभर कुत्रा फाटकाकडे तोंड करून पडून होता. मी जवळ खुर्ची टाकून बसले. त्याच्यासमोर जेवणं बरं दिसेना, म्हणून मीही जेवले नाही. त्याच्याशी थोडं बोलले, शेजारच्या बांधकामाबद्दल, नळाला न आलेल्या पाण्याबद्दल. बऱ्याच दिवसांनी त्या व्हरांड्यात माझा आवाज ऐकू येत होता. त्यानं एक कान तेवढा माझ्याकडे वळवला.

ऑपरेशन नीट झालं. टाके वाळेपर्यंत त्याला कोरड्या जागी ठेवायचं होतं, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. माझ्या हातून तो पाणी प्यायचा, पण खायचा नाही. दुपारी देऊळ बंद झालं की म्हातारा यायचा, पायरीवर बसायचा आणि त्याला भरवायचा. आत या म्हटलं तरी येत नसे. मी दोन कप चहा टाकायचे. तो त्याचा कप स्वतः विसळून पालथा घालून ठेवायचा.

टाके निघाले त्या दिवशी म्हाताऱ्यानं दोरी सोडली. त्याच्या भीतीचं उत्तर कुत्र्यानंच दिलं. म्हातारा चप्पल घालेपर्यंत तो फाटकाशी जाऊन उभा होता.

त्यानंतरही दुपारी मी चहाला दोन कप पाणी ठेवायचे आणि अर्धं ओतून द्यायचे. बुधवारी संध्याकाळी एक पोळी जास्त लाटली, तिला तेल लावलं आणि देवळापाशी गेले.

"काऊन बाई, आज तं शनवार नाही," म्हातारा म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

कुत्र्यानं पोळी खाल्ली आणि पुन्हा त्याच्या पायाशी जाऊन बसला. म्हातारा ओट्यावर थोडा सरकला. घरी माझं काही खोळंबलेलं नव्हतं.