शिळं पाणी

आमच्या बैठकीत आठ फुटांची काचेची टाकी आहे. नांदेडचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा आमच्या यांनी ती टेम्पोत घालून लातूरला आणली, आणि आणल्यावर तिच्याकडं बघणंच सोडलं. निस्तरायला मी. शेजारीण तोंडावर म्हणाली, "लोकांना प्यायला न्हाई, अन् हिनं माशांना हौद केलाय." मला असं कुणी डिवचलं की मी पेटतेच. म्हटलं, एक मासा मरू देणार नाही आणि एक थेंब वाया घालवणार नाही. बघाच तुम्ही.

त्या हट्टापायी मी पाणी शिकले. बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरा थर धरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. ते दिवसभर टिपाडात उघडं ठेवायचं आणि मग टाकीतलं चौथा हिस्साच बदलायचं. बाकी जुनं राहू द्यायचं, कारण टाकी त्याच्यावरच चालते. माशांची घाण पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांत असतात. साबण लागला की ते संपले. एवढं सगळं मी केलं ते खरं तर ऑस्करसाठी. हा आमचा सगळ्यांत मोठा मासा, माझ्या हातून खातो. माझा जीव आहे त्याच्यावर, सांगायला लाज कसली?

मागच्या उन्हाळ्यात यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, मुरुडहून राहायला आल्या. एक दिवस मी बाजारात गेले आणि तेवढ्यात नळ आला, आठ दिवसांनी. आमच्याकडं नळ आला की घरोघरी एकच काम: शिळं पाणी काढा, भांडी घासा, ताजं भरा. आक्कांनी घागरी भरल्या, माठ भरला. मग नळी घेऊन टाकीकडं वळल्या.

मी परतले तर टाकी लखलखत होती. बारके मासे वर येऊन तोंडं उघडून हवा गिळत होते. ऑस्कर तळाला आडवा पडला होता.

आक्का खुशीत पदराला हात पुसत होत्या. "किती दिवसांचं गं ते पाणी! स्पंज बी साबणानं चोळला. बिचारे इतके दिवस शिळ्यातच राहिले की."

"आक्का, मारलंत ओ त्यांना!" मी ओरडले. थोरल्या नणंदेवर, आयुष्यात पहिल्यांदा. "जुनं पाणी कुठं ओतून दिलंत?"

त्यांचा चेहरा पडला. पण ह्या प्रश्नाचा मात्र त्यांना रागच आला. "ओतून? लातुरात पाणी ओतून देतंय व्हय कुणी? मागं टिपाडांत भरून ठेवलंय. फरशीला, संडासाला होईल म्हणलं."

त्या क्षणी मी त्यांच्या पायाच पडले असते, पण वेळ नव्हता. खडे धुतलेत का, विचारलं. "ते उद्या घासणार होते," त्या म्हणाल्या. देव पावला! मी टाकीतलं ताजं पाणी रिकाम्या भांड्यांत उपसायला लागले आणि आक्का पदर खोचून मागून जुन्याच्या बादल्या आणायला लागल्या. सकाळी जिना चढताना गुडघे धरणारी बाई! बादली ओतताना दर खेपेला पुटपुटायच्या, "उठ रे बाबा, उठ." बाटलीत होतं नव्हतं ते क्लोरीन मारायचं औषध मी घातलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी थांबलो नाही.

तीन बारके मासे गेले. ऑस्कर दुसऱ्या दिवशी सरळ झाला. तिसऱ्या दिवशी काचेपाशी आला, तेव्हा मी दाणे आक्कांच्या तळहातावर ठेवले. त्यानं खाल्लं, आणि आक्का हुंदके देऊन रडल्या. मीही रडले.

पुढचा नळ आला तेव्हा आक्का अजून आमच्याकडंच होत्या. घरातलं एकूण एक भांडं घासून निघालं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "टाकीत बी ताजं भरा की आता."

आक्का टाकीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावू नको त्याला," त्या म्हणाल्या. "शिळं हाय ते. लई जपून ठेवलंय."